एकवीस फोटो आणि तिसरा कागद

मी आयुष्यात एकच शोध लावला, आणि मी लावला तोवर बहुधा इतर बऱ्याच जणांनी तो लावून ठेवला होता. त्यामुळे माझ्या नावावर काही नाही. तरीही मीरा आणि ओंकार, तुमच्या आजीने तो शिरूरमध्ये, फोनच्या वायरीला जोडलेल्या एका मोडेमवर, कुणालाही न विचारता लावला, हे तुम्हाला माहीत असावं. या अंकाच्या संपादकांना माझ्या कामाच्या आठवणी हव्या होत्या. मी त्यांना सांगितलं, मी नातवंडांना सांगितल्यासारखं लिहीन, वाचकांनी शेजारी बसून ऐकावं.

तुम्ही त्याला ‘लेझी लोडिंग’ म्हणता. मागे मीराने फोनवर हा शब्द उच्चारला तेव्हा मला थोडा रागच आला. पंगतीत वाढणारा आधी मीठ, लिंबू, चटणी वाढतो, मग भात. जेवणारा जिथवर आला असेल तिथवर वाढायचं आणि तो पुढे सरकला की पुढचं आणायचं. पहिल्याच पानाशी जिलबीची परात घेऊन उभं राहायचं आणि बाकीची पंगत उपाशी ठेवायची, याला कुणी उद्योगीपणा म्हणणार नाही. मग वेबपानावरचे फोटो वाचणारा तिथे पोचल्यावरच आणणं, याला आळस का म्हणायचं? असो. नाव ठेवणारे ठेवून गेले.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, गणितात पदवी घेतली आणि लग्न होऊन शिरूरला आले. पंधरा वर्षं शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवलं. नव्वदचं दशक संपता संपता शाळा सोडून घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग काढला. तीन संगणक, एक प्रिंटर, एक मोडेम आणि भिंतीवर मी स्वतः लिहिलेली सूचना: ‘चपला बाहेर, प्रश्न आत.’ वर्गाबरोबर मी लोकांच्या वेबसाईटही करून देऊ लागले. तालुक्यात तेव्हा हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे मी उत्तम आहे की वाईट, हे ठरवायलाही कुणी नव्हतं.

त्या काळचं इंटरनेट तुम्हाला कसं सांगू? मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग गप्प व्हायचा. गप्प झाला की आनंद मानायचा. पान उघडायला लागलं की फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायचा. आधी टोपी, मग कपाळ, मग चष्मा. आमच्या वर्गातली मुलं पैज लावायची. टोपीची तिरकी कड दिसली की कुणीतरी ओरडायचं, “आप्पा आलं!” (हे आप्पा एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, पुढे भेटतीलच) आणि मिशी उतरेपर्यंत सगळे श्वास रोखून बसायचे. मधेच कुणाचा फोन आला की जोडणी तुटायची आणि मिशी राहून जायची.

मला लवकरच कळलं की गिऱ्हाइकाला वेबसाईट वाचणाऱ्यासाठी नको असते, स्वतःला बघण्यासाठी हवी असते. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना पान उघडताच सनई वाजायला हवी होती. सनईची फाइल उतरेपर्यंत हॉलची माहिती अडकून बसायची. लोक कंटाळून पान बंद करायचे आणि सरळ स्कूटरवरून जाऊन हॉल बघून यायचे. मी सनई एका बटणामागे ठेवली: ज्याला ऐकायची त्याने बटण दाबावं, तेव्हाच ती उतरेल. मालक नाराज झाले. “बाई, सनई न वाजता पाव्हणा आत आला, म्हंजी काय शोभा ऱ्हायली?” मी म्हटलं, “अहो, आधी पाहुणा आत तर येऊ द्या.” तो माझा पहिला छोटा विजय. त्या बटणातच पुढचं सगळं दडलेलं होतं, पण मला ते तेव्हा दिसलं नाही.

मग आलं शिक्षण संस्थेचं काम. संस्थेची दोन-तीन शाळा-महाविद्यालयं होती, शिवाय आयटीआय, फार्मसी आणि दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. मोठे बागायतदार, बोलणं मोकळं, शब्दाला पक्के, आणि फोटोची हौस दांडगी. विश्वस्त एकवीस. एकवीसही फोटो पहिल्या पानावर, पदाच्या क्रमाने, सारख्याच आकाराचे हवेत, असा ठरावच झाला होता. फोटोंच्या खाली प्रवेशाच्या याद्या.

याद्यांचं आणखी एक दुखणं होतं. मराठी अक्षरं त्या काळी एका संगणकावर नीट दिसायची आणि दुसऱ्यावर उघडली की भलतीच चिन्हं व्हायची. मी संस्थेच्या हेडक्लार्कना, नानांना, सुचवलं की नावं इंग्रजीत टाइप करून टाकते, पान झटकन उघडेल.

नाना म्हणाले, “मॅडम, शिक्का कुठं मारू? संगणकाच्या काचेवर?”

“शिक्का कशाला हवा?”

“शिक्क्याबिगर यादी म्हंजी अफवा.”

तेव्हा सही-शिक्क्यानिशी कागद स्कॅन करून, त्यांची चित्रंच पानावर टाकायची, असं ठरलं. म्हणजे आधी एकवीस फोटो आणि त्याखाली कागदांची चित्रं. माझ्या खोलीत ते पान पूर्ण उघडायला पाव तासाहून जास्त लागे. मी सांगून पाहिलं, पण फार जोर लावला नाही. काम पूर्ण करून दिल्याचं समाधान मला होतं. ती माझी चूक.

कारण त्याच वर्षी संस्थेने मोठ्या अभिमानाने ठरवलं की वेबसाईट झाली आहे, तेव्हा निवड झालेल्या मुलांना पत्रं पाठवायची नाहीत. यादी वेबसाईटवर आणि शिरूरच्या फलकावर. नाव लागलं की ठरलेल्या मुदतीत मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली.

दौंडला माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, सुनंदा. लग्न होऊन तिकडे गेली आणि स्टेशनजवळ तिने एसटीडी, झेरॉक्स आणि इंटरनेट असं एकत्र दुकान काढलं. पहिल्या यादीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“बाई, तुमचं पान उघडंना. धा-बारा पोरी सकाळपासनं बसल्यात. आठवा फोटू आला की लाइन तुटतीया. आठ विश्वस्त पाठ झालं आम्हाला, यादीचं तोंड न्हाई दिसलं.”

मी नानांना फोन लावला. तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन यादी बघितली, सुनंदाला कळवली. त्यात एक नाव होतं हिराचं. दौंडजवळच्या एका वस्तीवरची धनगराची मुलगी. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणं, वडिलांनी विहीर खोदून शेती धरलेली. हिरा बारावी झाली होती आणि कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात कंत्राटावर गोळ्या पॅक करत होती. सुनंदाचा निरोप वस्तीवर पोचेपर्यंत मुदत उलटून गेली. हिरा शिरूरला आली तेव्हा नानांनी तिला सांगितलं, तुझी जागा गेली, आता रिकाम्या जागांच्या दुसऱ्या यादीत काय होतंय ते बघ. ती शेवटची यादी.

त्या दिवशी हिरा माझ्याकडेही आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “बाई, दुसरी यादी तरी दिसंल का?”

मी “दिसेल” म्हटलं. त्या मुलीची जागा माझ्या पानाने घालवली होती, आणि आता मी शब्दही देऊन बसले होते.

पुढचे आठ-दहा दिवस मी वही घेऊन बसले. युक्ती सांगते, अवघड नाही. पान म्हणजे शेवटी एक चिठ्ठी असते: इथे हे लिहा, तिथे तो फोटो आणून लावा. संगणक चिठ्ठी वाचून सगळं एकदम मागवायला धावतो आणि अरुंद रस्त्यावर गर्दी होते. मी काय केलं, फोटोच्या जागी फोटोचं नाव लिहिलंच नाही. तिथे एक करडी चौकट ठेवली, टाचणीच्या टोकाएवढं चित्र ताणून केलेली, ती क्षणात येते. खऱ्या फोटोचं नाव शेजारी दडवून ठेवलं. आणि चार ओळींचा पहारेकरी बसवला: वाचणारा पान खाली सरकवत त्या चौकटीपाशी आला, की मगच दडवलेलं नाव पुढे कर आणि फोटो मागव. याद्या वर आणल्या, फोटो खाली नेले, आणि याद्यांच्या कागदांनाही तशाच चौकटी लावल्या. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी घड्याळ लावून पाहिलं. पानाचं तोंड वीस सेकंदांत उघडलं. तुमच्या आजोबांना हाक मारून पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, “पण फोटो कुठे आहेत?” मी म्हटलं, “तुम्ही मागितले की येतील.” असा आनंद मला गणिताच्या परीक्षेतही झाला नव्हता.

खरी परीक्षा विश्वस्तांच्या बैठकीत होती. आप्पांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“बाई, मी कुठं हाय?”

“खाली आहात आप्पा. इथून खाली सरकवलं की येता.”

“म्हंजी आदी पोरांची नावं आन् मागनं अध्यक्ष? एकवीस माणसं करड्या डब्यात घातली तुम्ही!”

उपाध्यक्ष म्हणाले, “ठराव मोडला ह्यांनी.” नानांनी लगेच ठरावाची वही उघडली. मला आधी जिलबीचा दाखला सुचला होता, पण या मंडळींना पंगतीत पहिलं पान मिळायची सवय, तो दाखला चालणार नाही हे मी ओळखलं.

मी विचारलं, “आप्पा, परवा शाळेच्या कार्यक्रमाला तुम्ही किती वाजता आलात?”

“पत्रिकेत धाची वेळ. मी आलो साडेअकराला.”

“आणि दहाला कोण आलं होतं?”

“सतरंज्यावालं. माईकवालं.”

“आधी सतरंजी पडते, हॅलो हॅलो होतं, लोक बसतात. प्रमुख पाहुणा बोलावणं गेल्यावर येतो. तो दहाला सतरंज्यांबरोबर आला तर त्याला कुणी प्रमुख म्हणेल का?”

आप्पा एवढ्या मोठ्याने हसले की नानांनी वही मिटली. “द्या करून बाईंच्या मनासारखं,” ते म्हणाले, “आन् माझा फोटू पार खाली घाला. सगळ्यात शेवटाला.”

यानंतर जे झालं ते मी आजही हसल्याशिवाय सांगू शकत नाही. पुढचे चार दिवस विश्वस्त एकेक करून माझ्या घरी येत होते. प्रत्येकाला आपला फोटो दुसऱ्याच्या खाली हवा होता.

दुसरी यादी लागली. सकाळी नऊला मी चार कागदांची चित्रं पानावर चढवली: पहिला आयटीआयचा, दुसरा फार्मसीचा, तिसरा नर्सिंगचा, चौथा अकरावीचा. हजर व्हायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. माझ्या खोलीत मी पान दहा वेळा उघडून, खालपर्यंत सरकवून पाहिलं. नर्सिंगच्या कागदावर हिराचं नाव होतं. पान सुरेख चाललं आहे, सुनंदा तिला कळवेलच, या खुशीत मी त्या दिवशी दौंडला फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सुनंदाचाच फोन आला.

“बाई, माज्या दारावर दगूड पडायचा बाकी ऱ्हायलाय.”

“का? पान उघडत नाही?”

“उघडलं की! काल सकाळी झटक्यात उघडलं. छापून दारावर लावलं. आयटीआयची यादी हाय, बाकी तिन्ही कागदांवर नुस्ती करडी शाई फासलीया. लोकं म्हंत्यात, नर्सिंगच्या जागा वाटून खाल्ल्या, म्हून यादी झाकली. काल हिराचा बा आलता. बघून माघारी गेला.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दौंडला, आणि सगळीकडेच, लोक पान कसं वाचतात? फोनचं मीटर पळत असतं. म्हणून पान उघडायचं, तत्काळ छापायला सोडायचं, लाइन कापायची आणि मग निवांत कागद वाचायचा. मी पडद्यावर वाचणारी बाई. छापायचं बटण मी एकदाही दाबून पाहिलं नव्हतं. पडद्यावर पहिलाच कागद दिसत होता, म्हणून माझ्या पहारेकऱ्याने तेवढाच मागवला होता. बाकीच्यांपाशी कुणी पोचलंच नव्हतं, म्हणून त्या चौकटी करड्याच राहिल्या आणि तशाच छापल्या गेल्या.

“सुनंदा, ऐक. झाकलं नाही, मागवलं नाही. हिराचं नाव आहे, पण शिक्क्याचा कागद हातात असल्याशिवाय कुणी मानणार नाही. परत जोडणी कर. पान हळूहळू खाली सरकव. प्रत्येक करड्या चौकटीपाशी थांब, तिथे कागद उतरू दे, मगच पुढे. चारही दिसले की छाप.”

फोन ठेवला. तिची एकच लाइन होती, त्यामुळे ती इंटरनेटवर असेपर्यंत मला तिचा आवाज ऐकायला मिळणार नव्हता. मी वीस मिनिटं भिंतीवरची माझीच सूचना वाचत बसले.

“बाई!” फोनवर ती जवळजवळ किंचाळली. “आला तिसरा कागद. हिरा हाय. तिसरं नाव. शिक्क्यासकट!”

“हिरा कुठे आहे?”

“पहिल्या पाळीला. तीनला सुटंल.”

तीनला सुटून, वस्तीवर जाऊन कागदपत्रं घेऊन पाचला शिरूर गाठणं अशक्य होतं. सुनंदाने दुकान सासूवर सोपवलं, छापलेला कागद पिशवीत घातला आणि आपली लुना कुरकुंभच्या रस्त्याला लावली. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. कारखान्याच्या फाटकावर उत्तरेकडचा रखवालदार होता. तो ऐकेना. “शिफ्ट में किसी को नहीं छोड़ते, बहनजी.” सुनंदाने त्याला विचारलं, “भैया, आपकी कोई बेटी है?” तो म्हणाला, “तीन हैं.” ती म्हणाली, “एक का भी दाखिला ऐसे ही गया तो?” त्याने आत फोन केला.

हिरा कारखान्याची टोपी डोक्यावर तशीच ठेवून बाहेर आली. सुनंदाने कागद दाखवला आणि म्हणाली, “आता घरी जाऊन दाखलं घ्यायचं, मग जीप बघायची, कसं व्हनार गं?” तेव्हा हिराने डब्याची पिशवी उघडली. डब्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र, सगळं मूळ. पहिली जागा गेल्यापासून ती हे रोज कामावर घेऊन जात होती. “कवा बोलावतील काय सांगावं,” ती म्हणाली. सुनंदाने तिला चौफुल्यापर्यंत लुनावर सोडलं, माणसं भरल्यावरच सुटणाऱ्या शिरूरच्या वडाप जीपच्या टपावर बसवलं आणि दुकानात परत जाऊन मला फोनवर ‘निघाली’ एवढं सांगून इंटरनेट बंद केलं. गिऱ्हाईक आलं तरी, म्हणे, लाइन आज मोकळी ठेवायची हाय.

मी चार वाजताच नानांच्या समोर जाऊन बसले. नाना पाचला कार्यालय बंद करत, पण साडेचारपासून एकेक वस्तू आवरायला घेत. आधी शाईचा पॅड, मग शिक्का, मग वही. शिक्का पेटीत जाताना मी म्हटलं, “नाना, शिक्का तेवढा बाहेर राहू द्या. एक मुलगी येते आहे.”

“वेळेत आली तर घेऊ. नियम म्हंजी नियम.”

“मी कुठे नियम मोडायला सांगते? पाच वाजेपर्यंत पाच वाजू देऊ नका, एवढंच.”

पावणेपाच झाले. पाचला दहा मिनिटं उरली. नाना घड्याळाकडे बघत होते आणि मी रस्त्याकडे. एक जीप थांबली आणि टपावरच्या भाजीच्या पाट्यांमागून, डोक्याला कारखान्याची टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, अशी हिरा उतरली. धावत आली. तिच्या कपड्यांना औषधाचा कडू वास होता.

नानांनी चष्मा वर केला. “यादीत नाव दाखव.”

तिने घडी उलगडली. नानांनी कागद उजेडाला धरला, आपली सही पाहिली, आपला शिक्का पाहिला, तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. दाखले एकेक करून तपासले. मग पेटी उघडली, शाईचा पॅड बाहेर काढला आणि तिच्या अर्जावर शिक्का असा मारला की टेबल हललं.

“बाई, झालं का?” हिराने मला विचारलं. मी मान हलवली.

नानांच्या परवानगीने मी त्यांच्याच फोनवरून दौंड लावलं. पहिल्याच घंटीला सुनंदाने उचललं. “शिक्का बसला का?”

“बसला,” मी म्हटलं.

पलीकडे त्या दुकानात जमलेल्या, सकाळपर्यंत यादी झाकली म्हणणाऱ्या सगळ्या माणसांचा एवढा आरडाओरडा झाला, की फोन कानापासून लांब धरला तरी तो नानांच्या खोलीभर ऐकू येत होता. हिरा टोपी हातात घेऊन तो ऐकत उभी होती. नाना शिक्का पेटीत ठेवायचं विसरून तसेच बसले होते. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे हात केला.

“पाच वाजून गेलं मॅडम,” ते म्हणाले, “पण फोन ठेवू नका. ऐकू द्या तिला.”